तार तोडणाऱ्या शेजाऱ्यास

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांचे नाव मी येथे देत नाही. एक तर हा दिवाळी अंक ते दरवर्षी माझ्याचकडून वाचायला नेतात, आणि दुसरे असे की त्यांच्यासारखे गृहस्थ आता प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत एकेक तरी निघू लागले आहेत. सोयीसाठी आपण त्यांना ‘स्वयंप्रकाशी’ म्हणू. गेल्या फेब्रुवारीत ह्या स्वयंप्रकाशींनी वीजकंपनीकडे रीतसर अर्ज करून आपल्या घराची वीज कायमची तोडून घेतली. बिल थकले म्हणून कंपनीचा माणूस शिडी घेऊन येतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पण शेवटचे बिल चोख भरून, वर अर्ज करून, आपली तार आपण होऊन तोडून घेणारा माणूस मी प्रथमच पाहिला. खांबावरून त्यांच्या भिंतीकडे येणारी ती काळी केबल वायरमनने खाली सोडली, तेव्हा स्वयंप्रकाशींनी तिची नीट गुंडाळी करून जिन्याखालच्या खुंटीला टांगली, आणि आम्हां शेजाऱ्यांना पेढे वाटले. म्हणाले, ‘आजपासून आम्ही स्वतंत्र झालो.’

पेढे उत्तम होते. पण तो ‘स्वतंत्र’ शब्द काही माझ्या गळ्याखाली उतरला नाही. आठ महिने तो तेथेच अडकून आहे. दिवाळीच्या फराळाआधी तो बाहेर काढावा, म्हणून हा लेख.

प्रथम एक खुलासा करतो. मी सूर्याचा वैरी नाही. माझ्याही गच्चीवर तीन किलोवॅटची पॅनेल आहेत. २०२४ साली केंद्र सरकारने घराघराच्या छपरासाठी ‘सूर्यघर’ योजना काढली, तिच्यात तीन किलोवॅटला जे ७८,००० रुपये मिळतात ते मी हात पुढे करून घेतले. स्वयंप्रकाशींनी ते घेतले नाहीत. घेऊ म्हणते तरी मिळाले नसते, कारण ती मदत तार जोडलेल्या घरालाच मिळते. ‘आम्हांला सरकारची भीक नको,’ असे त्यांनी त्या वेळी सांगितले होते. असो. पॅनेल ही चीज मात्र अशी आहे की तिच्यापुढे मान लवावी. एडमंड बेक्वेरेल नावाच्या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच पोराला १८३९ साली असे दिसले की काही पदार्थांवर उजेड पडला की वीज उत्पन्न होते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ती एक प्रयोगशाळेतली गंमत होऊन राहिली. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनची चकती करून दाखवली, ती पडलेल्या उन्हातले शेकडा सहाच्या आसपास विजेत उतरवी. आज बाजारात मिळणारे साधे पॅनेल शेकडा वीसच्या वर उतरवते. त्याला चाक नाही, पट्टा नाही, धूर नाही, आवाज नाही. महिन्यातून दोनदा ओल्या फडक्याने धूळ पुसावी, एवढीच त्याची सेवा. आमच्याकडे ती माझ्याकडे आहे. देवपूजा सुटली आणि ही लागली, असे घरात म्हटले जाते.

तेव्हा भांडण पॅनेलांशी नाही. बॅटरीशीही तसे नाही. भांडण त्या खुंटीवरच्या गुंडाळीशी आहे.

स्वयंप्रकाशींचा संसार कसा आहे तो पाहा. गच्चीवर पाच किलोवॅटची पॅनेल. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे धरली, तर वीस युनिटे होतात. घरात माणसे चार, खर्च दिवसाला आठ युनिटे. म्हणजे स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा युनिटे शिल्लक. ती कोठे जातात? मी त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘बॅटरीत.’ मी म्हटले, ‘आणि बॅटरी भरल्यावर?’ ह्यावर ते म्हणाले, ‘भरली की यंत्र आपोआप थांबते.’ म्हणजे काय, ते आपण मराठीत सांगू. एप्रिलच्या भर दुपारी, अकराच्या सुमारास त्यांच्या बॅटऱ्या काठोकाठ भरतात, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या गच्चीवरची पॅनेल नुसती तापत पडतात. ऊन असते, यंत्र असते, सर्व काही असते. फक्त वीज न्यायला तार नसते. महिन्याला साडेतीनशे युनिटे अशी जागच्या जागी विरून जातात. त्याच दुपारी त्यांच्या मागच्या घरी शिवणकाम करणाऱ्या बाई पंखा बंद ठेवून मशीन चालवीत असतात, कारण युनिटे शंभराच्या वर गेली की दर चढतो. कोकणात फणस पिकून खाली पडले तर लोक हाका मारून शेजाऱ्याला देतात, गुरांपुढे टाकतात. पण कुंपण घालून कुजवीत ठेवणारा माणूस तेथे अजून जन्माला आला नसेल. आमच्या आळीत जन्माला आला आहे, आणि तो ह्या कुजवण्याला स्वावलंबन म्हणतो.

ही झाली उन्हाळ्याची कथा. आता पावसाळ्याची.

जिन्याखाली जेथे पूर्वी सायकल आणि लोणच्याच्या बरण्या असत, तेथे स्वयंप्रकाशींनी बारा बॅटऱ्या मांडल्या आहेत. शिसे-आम्लाच्या, दीडशे अँपिअर-तासाच्या. एकेक पन्नास किलोहून जड. वहिनी म्हणतात, ‘बारा ज्योतिर्लिंगे बसवलीत, आता अभिषेकही करा.’ तो करावाच लागतो. त्यांत शुद्ध पाणी घालावे लागते. अशा एका बॅटरीत कागदावर पावणेदोन-अठराशे वॉट-तास मावतात. परंतु तिचे आयुष्य राखायचे तर निम्म्याच्या खाली उतरू देऊ नये, म्हणजे हाती येते एक युनिटाहून थोडे कमीच. बाराची मिळून अकरा युनिटे. एक रात्र आणि एक मळभाचा दिवस ह्यांना ती पुरतात. आणि जुलै महिना हा काही एका मळभाच्या दिवसाचा नसतो.

यंदा जुलैत चार दिवस सलग झड लागली. पाच किलोवॅटची पॅनेल दिवसाला चारपाच युनिटांवर आली. पहिल्या दिवशी स्वयंप्रकाशींनी गीझर बंद केला, दुसऱ्या दिवशी दूरदर्शन, तिसऱ्या दिवशी शीतकपाटातले दूध आमच्याकडे आले. चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांचा धाकटा मुलगा भिंतीपलीकडून हळूच म्हणाला, ‘काका, बाबांनी विचारलंय, एक वायर टाकू का?’ मी म्हटले, ‘टाक बाबा.’ त्या रात्री आमच्या ओटीवरच्या प्लगमधून एक पिवळी वायर सदाफुलीच्या झुडपातून, भिंतीवरून, त्या स्वतंत्र राष्ट्रात गेली, आणि दोन दिवस बारा ज्योतिर्लिंगांना त्याच खांबाची वीज मिळाली, ज्या खांबाशी त्यांनी फेब्रुवारीत काडीमोड घेतला होता. कायद्यात हे बसते की नाही, मी विचारायला गेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यांनी बॅटऱ्या वाढवाव्यात. वाढवा की! दिवसाला चार युनिटांची तूट धरा आणि दहा दिवसांची झड धरा, जी कोकणात आणि घाटमाथ्यावर नवलाची नव्हे. चाळीस युनिटे साठवायला अशा पंचेचाळीसच्या घरात बॅटऱ्या लागतील. दोन-सव्वादोन टन शिसे आणि आम्ल, वर्षातल्या त्या दहा दिवसांसाठी. उरलेले साडेतीनशे दिवस ती दिंडी जिन्याखाली उभी. लिथियमच्या घेतल्या तर हलक्या, टिकाऊ आणि दुपटीने कामाच्या, हे खरे. किंमतही त्या मानाने, आणि त्यांतले सेल बहुतेक चीनहून येतात. म्हणजे चार कोसांवरच्या वीजकेंद्राच्या पाशातून सुटलो ते थेट शेनझेनच्या पाशात पडलो. ह्याला स्वातंत्र्य म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल. आणि शिशाच्या बॅटऱ्या पाचसहा वर्षांत दमतात, तेव्हा त्या जातात भंगारात. त्यातले शिसे उघड्यावर भट्टी लावून वितळवणारे लोक आपल्याच देशात आहेत, आणि त्या भट्टीभोवती खेळणारी पोरेही आपलीच आहेत. स्वतंत्र माणसाने निदान एवढी पावती तरी जपून ठेवावी की आपली जुनी बॅटरी कोणी नेली.

मी हे इतक्या पोटतिडकीने का लिहितो, ते सांगितले पाहिजे. माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते. कऱ्हाडच्या पलीकडे आमचे गाव. तेथे वीज आली १९६६ साली, मी नऊ वर्षांचा होतो. कोयनेचे पाणी १९६२ साली पोफळीच्या वीजघरात पडू लागले होते. मुंबईला ती वीज आधी गेली आणि धरणाच्या कुशीतल्या गावांना मागून, फार मागून मिळाली. वडिलांनी ज्या खांबांवर तारा ओढल्या, त्यांतले काही शेतातून मी त्यांच्याबरोबर मोजीत गेलो आहे. पहिला दिवा लागला त्या संध्याकाळी आमच्या आजीने त्याला हळदकुंकू वाहिले आणि ‘हा विझवायचा कुठून?’ असे विचारले. पुढल्या वर्षी, ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आम्ही सारी अंगणात कुडकुडत होतो. वडील घोंगडी खांद्यावर टाकून तसेच बाहेर पडले, ते चौथ्या दिवशी परत आले. आईने एकच विचारले, ‘तारा जोडल्या का?’

तेव्हा ती तार माझ्या लेखी कोणा कंपनीची कधीच नव्हती. कोयनेच्या पाण्याखाली घरे, शेते, देवळे गेली ती कोणाच्या पिढीजात मालकीची होती. त्या माणसांपैकी कित्येकांच्या पुनर्वसनाचे कागद त्यांच्या नातवांच्या वेळेपर्यंत कचेऱ्यांतून फिरत राहिले. त्यांनी दिलेल्या जमिनीवर महाराष्ट्र उजळला. त्या उजेडात शिकून, नोकऱ्या करून, बंगले बांधून आपण गच्चीपर्यंत पोचलो. आणि गच्चीवर पोचल्यावर म्हणतो, शिडी काढा, आम्हांला खाली उतरायचे नाही!

वडिलांच्या वेळची आणखी एक गोष्ट ह्याच संदर्भात आठवते. १९७४ साली आमच्या जत्रेत टुरिंग टॉकीज आली होती. लाइन दुरुस्तीसाठी बंद केलेली, वडिलांचा जोडीदार खांबावर चढलेला. तंबूवाल्याने खेळ थांबू नये म्हणून आपले जनित्र सुरू केले, आणि मधला बदलीचा खटका न पाडता सुरू केले. त्याची वीज उलटी तारेत शिरली, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढली. खाली चारशे व्होल्ट होते ते वर अकरा हजार झाले. जोडीदार वाचला, पण त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. वडील पुढे आयुष्यभर म्हणत, ‘मेलेल्या तारेवर विश्वास ठेवू नये, ती कोण केव्हा जिवंत करील, सांगता येत नाही.’

आज माझ्या गच्चीवरचे यंत्र बाहेरची वीज गेली की क्षणात स्वतःला बंद करते. डोक्यावर लख्ख ऊन आणि घरात पंखा बंद, हे पाहून पुष्कळ लोक चिडतात, पॅनेल विकणाऱ्याला शिव्या घालतात. त्यांना ते कोणी समजावून सांगत नाही, म्हणून मी सांगतो: ते यंत्र बिघडलेले नसते. खांबावर कोणीतरी चढलेला असेल, ह्याची आठवण त्याच्यात घालून ठेवलेली असते. ज्यांना त्या वेळीही चार दिवे हवेत, त्यांच्यासाठी अशी यंत्रे मिळतात की जी वीज जाताच घर बाहेरच्या तारेपासून अलग करतात आणि लहानशा बॅटरीवर घरातले दिवे-पंखे चालू ठेवतात. म्हणजे अंधारही नको आणि काडीमोडही नको, असा मार्ग सरळ उघडा आहे. स्वयंप्रकाशींना तो दाखवला होता. ते म्हणाले, ‘त्यात मजा नाही.’

खरे कारण हेच आहे, आणि ते मला प्रामाणिक वाटते. त्यात मजा नाही. एकट्याने राज्य करण्यात जी मजा आहे ती दहाजणांत वाटून राहण्यात नाही.

परंतु ह्या मजेचे बिल कोण भरतो? महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर पायऱ्यांचे आहेत. शंभर युनिटांपर्यंत स्वस्त, तीनशेपर्यंत महाग, पुढे आणखी महाग. वरच्या पायरीवरचा माणूस थोडे जास्त भरतो, त्यातून खालच्या पायरीवरच्याला थोडी सावली मिळते. आणि खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, त्यांची देखभाल करणाऱ्या माणसांचे पगार, हा खर्च तर युनिटे कमी खपली म्हणून कमी होत नाही. आता वरच्या पायरीवरचे, म्हणजे ज्यांच्यापाशी स्वतःची गच्ची आहे आणि बारा बॅटऱ्यांचे पैसे आहेत ते, एकेक करून उठून गेले, तर तो सगळा भार कोणाच्या डोक्यावर? भाड्याच्या खोलीतल्या माणसाच्या. सात मजली इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, ज्याच्या वाट्याला अठ्ठावीस बिऱ्हाडांत मिळून एक गच्ची आली आहे आणि तिच्यावर पाण्याच्या टाक्या आहेत. त्या शिवणकामवाल्या बाईंच्या. दर वाढले की त्यांच्यातला जरा बरा असेल तोही उठून जाईल. मग दर आणखी वाढतील.

हे भय काल्पनिक नाही. शेजारच्या पाकिस्तानात हे डोळ्यांदेखत घडते आहे. तेथल्या सरकारने खाजगी वीजकेंद्रांशी असे करार करून ठेवले होते की वीज घ्या अगर न घ्या, ठराविक रक्कम दिलीच पाहिजे. ते पैसे बिलांतून वसूल होऊ लागले, दर असह्य झाले, आणि ज्याला ज्याला परवडले त्याने चिनी पॅनेल विकत घेतली. एका २०२४ ह्या वर्षात तेथे सतरा गिगावॅटच्या आसपास पॅनेल आली. त्या देशातल्या सगळ्या वीजकेंद्रांची मिळून क्षमताच शेहेचाळीसच्या सुमारास. घेणाऱ्यांना मी दोष देत नाही; उन्हाने भाजलेला माणूस सावलीकडे पळणारच. पण करारांचे पैसे तर फिटले नाहीत. ते आता उरलेल्यांकडून घेतले जातात, आणि उरलेले कोण, हे सांगायला नको.

येथे कोणी मला वीजकंपनीचा वकील म्हणेल. त्यांनी खुशाल म्हणावे. परंतु तारेची बाजू घेणे म्हणजे कचेरीची बाजू घेणे नव्हे. स्वयंप्रकाशींनी तार तोडली त्याला कारण घडले होते. बंद घराचे नऊ हजारांचे बिल त्यांना आले, आणि ते चूक आहे हे पटवायला त्यांनी पाच महिने खेटे घातले. खिडकीमागचा इसम त्यांना म्हणाला, ‘आधी भरा, मग बोला.’ साठ वर्षांच्या माणसाला असे बोलले की तो तारच काय, नातेही तोडील. आणि मागचे दिवस कोण विसरला आहे? २००५ पासून पुढे सातआठ वर्षे ह्या राज्यातल्या खेड्यांनी भारनियमनात बारा बारा तास काळोखात काढले. मुलांनी परीक्षेचे अभ्यास कंदिलावर केले आणि शेतकऱ्याने रात्री दोन वाजता साप-विंचवांतून जाऊन मोटर सुरू केली. ज्या कारभाराने हे घडू दिले त्याला ‘आमच्यात राहा’ असे लोकांना सांगण्याचा फारसा अधिकार उरत नाही. म्हणून तर ते कारभाऱ्यांनी सांगण्याऐवजी मी सांगतो आहे. आणि कारभाऱ्यांनाही एक सांगतो: गच्चीवरून वीज देणाऱ्या माणसाकडे तुम्ही दर वर्षी नव्या संशयाने पाहता, आज हा नियम, उद्या तो, गिऱ्हाईक पळाले अशी तुमची मुद्रा असते. तो पळालेला नाही, तो दुपारी तुम्हांला माल घालतो आहे. त्याला गवळ्यासारखे वागवा, चोरासारखे नको.

मग बॅटरी नकोच काय? हवी, पण कोणाची आणि कोठे, हा प्रश्न आहे. वीज तारेत साठत नाही. ज्या क्षणी जेवढी लागते, त्याच क्षणी तेवढी निर्माण व्हावी लागते. जरा कमीजास्त झाले की सगळा डोलारा डळमळतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर हिंदुस्थानात तो कोसळला, तेव्हा साठ कोटींवर माणसे अंधारात गेली. स्वयंप्रकाशी हे उदाहरण मला वारंवार ऐकवतात, ‘पाहा तुमची तार!’ पण त्याच दोन दिवसांत आपला पश्चिमेकडचा भाग उभा राहिला, हे ते सांगत नाहीत. दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत राखून ठेवायचे, हे काम आता सगळ्यांत मोठे आहे, आणि ते महाराष्ट्राला नवे नाही. कोयनेचे धरण म्हणजे दुसरे काय? पाणी वर थांबवून ठेवायचे आणि घरोघर दिवे लागण्याच्या वेळी सोडायचे. १,९६० मेगावॅटची ती बॅटरीच आहे, फक्त तिला शुद्ध पाणी घालावे लागत नाही. ते पाऊस घालतो. अकोले तालुक्यातल्या घाटघरला तर २००८ पासून खालचे पाणी उलटे वर चढवतात आणि गरजेच्या वेळी पुन्हा खाली सोडतात. माझ्या गच्चीवरची दुपारची चार युनिटे तारेवरून जाऊन असल्या एखाद्या डोंगरावर घागरभर पाणी चढवू शकतात. जिन्याखालच्या पेटीत ती गेली तर माझीच राहतील; तारेत गेली तर रात्री कोणाच्या तरी इस्पितळातल्या दिव्याला लागतील.

आणि एवढे लांब कशाला? गुजरातेत मोढेरा गावी २०२२ साली घरांच्या छपरांवर पॅनेल बसवली आणि बॅटरी बसवली ती सगळ्या गावाची मिळून एके ठिकाणी. आपल्या पाटण तालुक्यात, कोयनेच्याच तालुक्यात, मान्याचीवाडी नावाची शंभरएक घरांची वाडी २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम झाली. शंभर घरांनी एकत्र बसून ठरवले. एकाने गुपचूप तार तोडून पेढे वाटले नाहीत. आमच्या आळीच्या डीपीपाशी, जेथे आज उकिरडा आहे, तेथे सगळ्या आळीची म्हणून एक बरी बॅटरी बसली, तर स्वयंप्रकाशींची बारा युनिटे तेथे जमा होतील, शिवणकामवाल्या बाईंचा पंखा त्यांवर फिरेल, आणि जुलैत स्वयंप्रकाशींचे दूध आमच्याकडे यायचे कारण राहणार नाही. ह्याला वेळ लागेल, सभा घ्याव्या लागतील, आमच्या आळीची सभा म्हणजे काय असते ते मला ठाऊक आहे. तरीही.

काही ठिकाणे अशी आहेत की जेथे तार पोचतच नाही: मेळघाटातले पाडे, सह्याद्रीच्या माथ्यावरचे धनगरवाडे. तेथे एक पॅनेल आणि एक बॅटरी म्हणजे देव भेटल्यासारखे आहे. माझ्या लेखातला एकही शब्द त्यांना लागू नाही. पण तेथल्याही माणसाला विचारा, त्याला शेवटी काय हवे आहे. बिहारमधल्या धरनई गावात २०१४ साली मोठ्या समारंभाने सूर्याच्या विजेचे स्वतंत्र जाळे उभारले, बॅटऱ्यांसकट. उद्घाटनाला माजी मुख्यमंत्री आले तेव्हा गावकऱ्यांनी घोषणा दिल्या की आम्हांला खरी वीज द्या. ‘खरी’ म्हणजे तारेची. जिच्यावर शीतकपाट चालते, आणि जी शहराला मिळते तीच आम्हांलाही मिळाली असे म्हणता येते ती. तार आली. काही वर्षांत बॅटऱ्या दमल्या, आणि २०२१ साली पाहणाऱ्यांना त्या सूर्यघरात गुरे बांधलेली दिसली. जी तार मिळावी म्हणून धरनईची माणसे ओरडली, ती आमच्या शेजाऱ्यांनी पेढे वाटून सोडली.

हा लेख छापायला देण्याआधी मी स्वयंप्रकाशींना वाचून दाखवला. शेजारधर्म आहे. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘दोन चुका आहेत. दूध तिसऱ्या दिवशी नव्हे, दुसऱ्याच दिवशी पाठवले होते; आणि ते नऊ हजारांचे बिल नव्हते, नऊ हजार चारशे होते.’ दोन्ही दुरुस्त्या मी येथे नोंदवतो. तार पुन्हा जोडणार का, हे मी विचारले नाही. त्या वयाच्या माणसाला असे तोंडावर विचारू नये. परंतु दिवाळीची साफसफाई परवा त्यांच्याकडे निघाली तेव्हा जिन्याखालची भंगारात घालायची सगळी अडगळ अंगणात आली होती, आणि तीत ती केबल नव्हती. वहिनींनी तिच्यावरची कोळिष्टके झाडली आणि ती पुन्हा खुंटीला टांगली.